‘मरणान्तानि वैराणि’ म्हणजे तोंड बंद ठेवा असं नव्हे

लोकांमध्ये उभी फूट पाडणारा एखादा नेता गेला की तासाभरात एक मजकूर फिरायला लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, आशय तोच असतो: “माणूस गेला, आता तरी टीका थांबवा. मरणान्तानि वैराणि, ही आपली संस्कृती. गेलेल्याला उत्तर देता येत नाही. घरच्यांचा विचार करा. एवढी हिंमत होती तर जिवंतपणी बोलायचं होतं. अंत्ययात्रेची गर्दी पाहा, तीच कामाची पावती. बाकीचं इतिहास ठरवेल.” हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत माझ्या जवळची, मनाने चांगली माणसं असतात, म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देते आहे. त्यातलं एक वाक्य मला मान्य आहे. त्याच्याकडे शेवटी येते.

आधी संस्कृती. ‘मरणान्तानि वैराणि’ हे शब्द वाल्मीकी रामायणाच्या युद्धकांडातले. रावण मरून पडला आहे आणि राम बिभीषणाला भावाचे अंत्यसंस्कार करायला सांगतो आहे. बिभीषण आधी नकार देतो. हा क्रूर होता, खोटा होता, याने धर्म सोडला, परस्त्रीला हात घातला, याचे संस्कार मी करणं योग्य नाही, असं तो सख्ख्या भावाच्या प्रेतासमोर म्हणतो. राम त्याला गप्प बसवत नाही. तो म्हणतो, हा अधर्माने आणि असत्याने वागला खरा, पण तेजस्वी होता, बलवान होता, शूर होता. वैर मरणापर्यंतच, आपलं काम झालं, आता याचे संस्कार कर, हा जसा तुझा तसाच माझाही.

म्हणजे श्लोक काय मागतो? प्रेताची विटंबना नको, सूड इथे संपला, आणि विधी रीतीने व्हावेत. मेलेल्याचे दोष बोलू नका, असं त्यात कुठेही नाही. उलट बोलणाऱ्यानेच दोष आणि गुण एका दमात सांगितले आहेत. परंपरेचा आधार घ्यायचा तर तो सगळा प्रसंग वाचून घ्यावा.

“गेलेल्याला उत्तर देता येत नाही.” सामान्य माणसाबाबत हे खरं आहे. नेत्याबाबत नाही. त्याच्यामागे पक्ष असतो, अनुयायी असतात, भाषणं आणि मुलाखती असतात. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी तर आपली बाजू आठवणींच्या दोन खंडांत स्वतःच मांडून ठेवली होती. ज्यांना खरोखर उत्तर देता येत नाही ती माणसं वेगळी. चिलीत ऑगस्टो पिनोशेच्या लष्करी राजवटीत तीन हजारांहून अधिक माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली. त्यांच्या वतीने कोणी बोलायचं? आणि पिनोशे गेला नेमकं त्याच आठवड्यात गप्प का बसायचं?

आता मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट. ही शांतता कधीच दोन्ही बाजूंची नसते. नेता गेला की दिवसभर वाहिन्यांवर गौरव चालतो. हयात असताना ज्यांचं त्याच्याशी पटलं नाही तेही आठवणी सांगतात. पुतळ्याची मागणी होते, रस्त्याला नाव सुचवलं जातं. यातलं प्रत्येक विधान राजकीय असतं. अशा वेळी फक्त टीकाकाराला “आज नको” म्हणणं म्हणजे सभेत एकाच बाजूचा ध्वनिक्षेपक चालू ठेवणं. स्तुतीही थांबणार असेल तर मी आनंदाने गप्प बसेन. तसं होताना मात्र मी कधी पाहिलेलं नाही.

थॅचर 8 एप्रिल 2013 रोजी गेल्या. सुट्टीवर असलेली संसद दोन दिवसांनी खास बोलावण्यात आली आणि तासन्‌तास श्रद्धांजलीची भाषणं झाली. मजूर पक्षाच्या खासदार ग्लेंडा जॅक्सन यांनी उठून थॅचरवादाने, म्हणजे थॅचर यांच्या धोरणांनी, आपल्या मतदारसंघातल्या माणसांचं, शाळांचं, रुग्णालयांचं काय केलं ते सांगितलं. समोरच्या बाकांवरून आरडाओरडा झाला, कोणीतरी अध्यक्षांकडे तक्रार केली. अध्यक्ष जॉन बर्को यांनी त्यात असंसदीय काहीच नसल्याचा निर्वाळा दिला. मला तो क्षण फार मोलाचा वाटतो. ज्या सभागृहात त्या बाईंनी राज्य केलं, त्याच सभागृहाच्या नोंदीत स्तुतीशेजारी तक्रारही राहिली. बाहेर काय चाललं होतं तेही नोंदलेलंच आहे. ग्लासगोत आणि लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये लोक रस्त्यावर जल्लोष करत होते, आणि चेटकीण मेली म्हणणारं एका जुन्या चित्रपटातलं गाणं विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. मी त्या जल्लोषात नाचले नसते. पण थॅचर सरकारच्या कोळसा खाणी बंद करण्याच्या धोरणाविरुद्ध 1984 ते 85 असा वर्षभराचा संप हरून ज्यांची खाण आणि तिच्यामागून गावही गेलं, त्यांनी त्या दिवशी डोळ्यांत पाणी आणावं, अशी अपेक्षा मी ठेवणार नाही.

“जिवंतपणी बोलायचं होतं” याचं उत्तर त्या संपातच आहे. बोलले होते, वर्षभर. आणि जिथे बोलणं म्हणजे तुरुंग होता तिथे हा प्रश्न विचारणंच क्रूर आहे. पिनोशे 1973 मध्ये सत्तेवर आला आणि 1990 पर्यंत टिकला. 1998 मध्ये त्याला लंडनमध्ये अटक झाली, प्रकृतीच्या कारणावरून 2000 मध्ये मायदेशी सोडण्यात आलं, आणि 10 डिसेंबर 2006 रोजी तो मेला तेव्हा खटले अर्धवटच होते. एकाही गुन्ह्यात शिक्षा झाली नव्हती. सान्तियागोच्या रस्त्यांवर त्या दिवशी शॅम्पेन उडाली, पण निकालाची वाट पाहत म्हातारी झालेली माणसंही त्या शहरात होती. त्यांच्या दृष्टीने आरोपी निसटला होता.

“इतिहास ठरवेल” हे वाक्यही तिथेच तपासा. चिलीच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष मिशेल बाशेलेट यांच्यापुढे पिनोशेला शासकीय इतमाम द्यायचा की नाही हा प्रश्न त्याच दिवशी उभा होता. त्यांचे वडील त्याच राजवटीच्या कैदेत, छळ सोसून, 1974 मध्ये गेले होते. त्यांनी शासकीय अंत्यसंस्कार नाकारले, फक्त लष्करी मान होऊ दिला. तोफा, ध्वज, सुट्टी, खर्च, सगळं दोन-तीन दिवसांत ठरतं. इतिहासाची वाट पाहायला सांगणारे या निर्णयांना मात्र थांबायला सांगत नाहीत.

गर्दीबद्दल थोडक्यात. मार्च 1953 मध्ये सोव्हिएत हुकूमशहा स्टालिनचं अंत्यदर्शन घ्यायला मॉस्कोत एवढे लोक लोटले की चेंगराचेंगरीत माणसं मेली. तीनच वर्षांनी त्याच्यामागून पक्षाचे नेते झालेल्या ख्रुश्चेव्ह यांनी पक्षाच्या अधिवेशनात त्याच्या अत्याचारांचा पाढा वाचला आणि 1961 मध्ये देह समाधिस्थानातून हलवण्यात आला. अंत्ययात्रेला आलेल्यांचं दुःख खरं असतं, ते मी नाकारत नाही. पण त्याच्या श्रमछावण्यांमध्ये डांबलेले त्या गर्दीत मोजले जात नाहीत.

आणि ही सक्ती कुठवर जाते हे आपल्याला बाहेर शोधायला नको. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले. मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर त्या बंदबद्दल प्रश्न विचारला, दुसरीने तो मजकूर पसंत केला. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांचा दवाखाना फोडला गेला. त्या मजकुरात शिवी नव्हती. पुढे गुन्हा मागे पडला, पोलीस अधिकारी निलंबित झाले, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या कलम 66अ चा त्यात वापर झाला ते सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केलं. ज्यांनी बाळासाहेबांसाठी मनापासून अश्रू ढाळले त्यांच्या शोकाला त्या दोन ओळींनी काय धक्का लागला असता?

राहिलं “घरच्यांचा विचार करा”. हे मला पटतं. दारासमोर फटाके नकोत, मुलांना टोमणे नकोत, प्रेताला हात नको. थॅचर यांच्या अंत्यविधीच्या प्रवचनात लंडनचे बिशप रिचर्ड चार्टर्स यांनी हा भेद नीट केला होता. वाद ज्या थॅचरभोवती आहे ते एक प्रतीक आहे, इथे समोर आहे ती आपल्या सगळ्यांसारखी एक मर्त्य बाई, असा त्यांचा आशय होता. प्रार्थनास्थळात तेवढंच बोलावं. बाहेर चौकात प्रतीकाबद्दल बोलायला हरकत नाही.

पण इथेही मी एका ठिकाणी अडखळते. पिनोशेच्या आधीचे लष्करप्रमुख कार्लोस प्रात्स आणि त्यांच्या पत्नी यांना 1974 मध्ये ब्युनोस आयरिसमध्ये मोटारीत बॉम्ब ठेवून मारलं गेलं. ते काम पिनोशेच्या गुप्त पोलिसांचं होतं. 2006 मध्ये प्रात्स यांचा नातू अंत्यदर्शनाच्या रांगेत उभा राहिला आणि शवपेटीपाशी पोहोचल्यावर तिच्यावर थुंकला. माझ्याच नियमाने ते चूक आहे, आणि मी ते चूकच म्हणेन. पण ‘घरच्यांचा विचार कर’ असं त्याला सांगायला माझी जीभ रेटत नाही. तो आजी-आजोबांसाठीच त्या रांगेत उभा होता.