चेंडू कुठल्या पायाने मारता, त्यावरून सूर ठरत नाही

जलतरणपटू मुलांच्या पालकांमध्ये सध्या एक संदेश फिरतोय: "मूल ज्या पायाने चेंडू मारतं तो बलवान पाय. ब्लॉकवर (तलावाच्या काठावरच्या सूर मारायच्या चौथऱ्यावर) तोच मागे ठेवा, अंग जमेल तितकं पुढे झोका, रिअॅक्शन टाइम कमी करा. स्टार्ट सुधारलाच म्हणून समजा." मी मुलांना स्टार्ट, म्हणजे शर्यतीच्या सुरुवातीचा सूर, शिकवते, आणि यातला एकही सल्ला मला पटत नाही.

आधी पायाचं बघू. चेंडू मारणारा पाय नेम साधतो. त्या क्षणी सगळं अंग पेलतो तो दुसरा. मग बलवान कुठला म्हणायचा? ब्लॉकवर तर दोन्ही पायांची कामंच वेगळी. मागचा ब्लॉकच्या मागच्या बाजूला बसवलेल्या तिरप्या पाटीवर रेटा देतो आणि आधी सुटतो. पुढचा, बोटं काठाला अडकवून, शेवटपर्यंत टिकतो आणि अखेरचा जोर लावतो. कुठलं काम कुठल्या पायाला जमेल, हे उजवं-डावं असण्यावरून कळत नाही; अभ्यासांतूनही सगळ्यांना लागू पडेल असं एक उत्तर निघालेलं नाही. माझ्याकडची एक मुलगी सगळं उजव्याने करते. पण उजवा पाय मागे ठेवला की तिचा गुडघा बाहेर फाकतो आणि सूर तिरका जातो. डावा मागे असला की पाऊल सुटताना गुडघा पुरता सरळ होतो. हे मोबाइलवर बाजूने चित्रीकरण केलं तेव्हा दिसलं.

तुलना करताना घाई मात्र नको. वर्षानुवर्षं एकाच बाजूची सवय असेल, तर पहिल्या दिवशी तीच बाजू जिंकणार. दुसरीला काही आठवडे द्या, मग दोन्हींचा १५ मीटरपर्यंतचा वेळ घ्या.

अंग पुढे झोकलं की ब्लॉक लवकर सुटतो, हे खरं. पण पायांना रेटायला वेळही कमी मिळतो. वजन थोडं मागे घेतलं तर सुटायला किंचित उशीर होतो, पुढे जाण्याचा वेग मात्र जास्त मिळू शकतो. शिवाय 'टेक युअर मार्क्स'नंतर काठावर कसाबसा तोल धरलेलं मूल सिग्नलआधीच निसटलं, तर थेट बाद.

फलकावरचा 'रिअॅक्शन टाइम' म्हणजे सिग्नलपासून पाय सुटेपर्यंतचा वेळ. त्यात रेटा देण्याचा वेळही आला. तो घाईने कमी करणं म्हणजे बहुतेकदा अर्धवट रेटा. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल अँथनी अर्विनने २१.४० सेकंदांत जिंकली, फ्लोरां मानोदू २१.४१. एका शतांशाचं मोल मला कळतं. पण हात, डोकं, कंबर एकाच जागेतून पाण्यात शिरली नाहीत, तर ब्लॉकवर वाचवलेले असे कित्येक शतांश तिथेच जातात.

विजेत्यांच्या क्लिप बघून नक्कल करणाऱ्यांसाठी एवढंच: मागची तिरपी पाटी ऑलिंपिकमध्ये २०१२ला लंडनला आली, बीजिंगला ती नव्हती. तुमच्या तलावावरचा ब्लॉक सपाट असेल, तर मागच्या पायाला तसा टेकूच मिळत नाही. पाटी असेल, तर पाय बदलण्याआधी ती एक खाच पुढे-मागे सरकवून बघा. उंच मुलासाठी लावलेल्या पाटीवर बुटकं मूल उभं केलेलं मी दर स्पर्धेत बघते.