बॉल ‘आपोआप’ गोल होत नाही

छोट्या लेथसाठी बॉल टर्निंग अटॅचमेंट, म्हणजे कापणारे टूल एका उभ्या खिळीभोवती (पिव्हटभोवती) फिरवून फिरत्या तुकड्यातून (जॉबमधून) गोळा काढणारे जोडसाधन, अर्ध्या तासात बनवण्याचा एक संदेश सध्या सगळीकडे फिरतो आहे. तो माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला, त्याने तो शब्दशः पाळला आणि हँडलसाठी काढलेला २० मिमीचा पितळी बॉल माझ्या हातात ठेवून विचारले, “मामा, हा लिंबासारखा का दिसतोय?” संदेशातले दावे असे आहेत: पिव्हट अंदाजाने लावला तरी चालतो, कारण टूल वर्तुळात फिरले की बॉल आपोआप गोल होतो, कट क्रॉस स्लाइडने (टूल जॉबकडे आडवे आत-बाहेर नेणाऱ्या सरकत्या भागाने) द्यावा आणि व्हर्निअरवर माप आले की थांबावे, टूलच्या उंचीला महत्त्व नाही, पिव्हट म्हणून साधा बोल्ट पुरतो, आणि शेवटी बोटांभोवती एमरीची (घासकागदासारखी) पट्टी गुंडाळून बॉल चमकवावा.

त्या ‘आपोआप’मध्येच सगळा घोटाळा आहे. युक्लिडच्या ‘मूलतत्त्वां’च्या अकराव्या खंडातली १४ वी व्याख्या सांगते, की अर्धवर्तुळ त्याचा व्यास स्थिर ठेवून त्या व्यासाभोवती पूर्ण फिरवले म्हणजे गोल तयार होतो. लेथवर तो स्थिर व्यास म्हणजे स्पिंडलचा (जॉब फिरवणाऱ्या दांड्याचा) अक्ष, आणि व्यास वर्तुळाच्या केंद्रातून जातोच. म्हणून टूलच्या वर्तुळाचे केंद्र, अर्थात पिव्हट, त्या अक्षाच्या रेषेत असल्याखेरीज गोल मिळणार नाही. दोन हजार वर्षांहून जुनी ही अट संदेश लिहिणाऱ्याने ‘अंदाजाने’ या एका शब्दात उडवून लावली आहे.

भाच्याच्या टूलचे टोक पिव्हटपासून १०.५ मिमीवर होते. व्हर्निअरवर २० दिसेपर्यंत त्याने क्रॉस स्लाइड आत नेली, तेव्हा पिव्हट अक्षाच्या अर्धा मिमी पलीकडे गेला. आडवा व्यास २० भरला, पण त्याच कंसाची अक्षाच्या दिशेने लांबी काढली तर ती जवळजवळ २१ मिमी येते. पिव्हट अलीकडे राहिला असता तर बॉल टोकाशी सफरचंदासारखा दबला असता. व्हर्निअरची यात काही चूक नाही. त्याने एकाच दिशेने मोजले होते. मी बॉलपेक्षा बारीक पाइपचा, तोंड काटकोनात टर्न केलेला एक तुकडा त्यावर टेकवला. तो समोरून चपखल बसला, पण तिरका करताच एका बाजूने उजेड दिसू लागला. खऱ्या गोलाचा कुठलाही सपाट छेद वर्तुळच असल्यामुळे त्यावर पाइप कसाही टेकवला तरी फट दिसत नाही.

पिव्हट अक्षावर आणायला अवघी पाच मिनिटे लागतात. चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या जबड्यांत) १० मिमीचा नीट टर्न केलेला दांडा धरावा, पिव्हटच्या भोकात १० मिमीची पिन उभी करावी, पिन दांड्याला समोरून टेकवावी, सॅडल (क्रॉस स्लाइड वाहणारा भाग) टेलस्टॉककडे, म्हणजे चकच्या विरुद्ध टोकाकडे, सरकवून पिन मोकळी करावी आणि क्रॉस स्लाइड त्याच दिशेने आणखी बरोबर १० मिमी आत नेऊन लॉक करावी. (काही लेथच्या डायलवर व्यासातला फरक कोरलेला असतो, तिथे २० मिमी वाचावे.) यानंतर क्रॉस स्लाइडला हात लावू नये, प्रत्येक कट टूल त्याच्या होल्डरमध्ये पिव्हटकडे थोडेथोडे सरकवून घ्यावा.

टूलच्या उंचीबद्दल मात्र संदेश, नाइलाजाने कबूल करावे लागते, अर्धा खरा आहे. उभ्या पिव्हटभोवती फिरणारे टोक अर्धा मिमी खाली असले तरी ते केंद्रापासून सदैव सारख्याच अंतरावर राहते, त्यामुळे आकार गोलच येतो आणि २० मिमीच्या बॉलचा व्यास जेमतेम ०.०२५ मिमीने वाढतो. पण टोकाशी सुमारे १ मिमी जाडीचा एक कोंब शिल्लक राहतो, आणि टूल वर असेल तर ते कापण्याऐवजी घासते. बोल्टविषयी फार लिहिण्यासारखे नाही: आट्यांतली ढिलाई जशीच्या तशी टूलच्या टोकाला मिळते, म्हणून बुशमध्ये (पिनसाठीच्या नळीत) घट्ट फिरणारी ग्राइंड केलेली पिन आणि खाली रुंद बैठक हवी.

एमरीच्या सल्ल्याचा मात्र मला खरोखर संताप आला. फिरत्या जॉबने पट्टी पकडली की तिच्यात गुंडाळलेली बोटे क्षणात ओढली जातात, आणि हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. शिवाय बॉलच्या मधल्या भागाचा पृष्ठवेग सर्वाधिक आणि टोकाशी शून्य असल्यामुळे एमरी मध्येच जास्त घासते, म्हणजे बोट वाचले तरी कष्टाने आणलेला गोलपणा जातो. शेवटचा कट अगदी बारीक घ्यावा, अटॅचमेंटचा दांडा संथ आणि न थांबता फिरवावा. मग चमकवण्यापुरतीच एमरी लागते, आणि ती लाकडी पट्टीला चिकटवून, बाह्या दुमडून आणि हातमोजे न घालता वापरावी. भाच्याच्या उजव्या तर्जनीवरचा लाल ओरखडा मी बॉलच्या आधी पाहिला होता.