‘खुशालीची पत्रं’ रद्दीत घालण्याआधी

गेले काही दिवस एक मजकूर घरोघरी फिरतोय. आमच्या भावकीच्या गटावरच तो तीनदा येऊन गेला. म्हणणं असं, की फौजेत गेलेल्या आजोबा-पणजोबांची पत्रं जपून ठेवण्यात अर्थ नाही. ती सेन्सॉर झालेली, म्हणून खोटी. लिहिली दुसऱ्याच कुणी, म्हणून त्यांची नव्हेतच. आत खुशालीपलीकडे काही नसतं. युद्धाचा खरा इतिहास सरकारी दफ्तरात आहेच. तेव्हा मोबाइलवर फोटो काढा आणि ट्रंक मोकळी करा. गावाकडे दोन घरांनी हे मनावर घेतलं आणि गाठोडी रद्दीवाल्याला दिली, म्हणून हे लिहितोय.

आधी सेन्सॉरचं बघू. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी पलटणींच्या टपालासाठी तिथल्या बूलोन बंदरात वेगळं सेन्सॉर कार्यालय होतं. कॅप्टन हॉवेल त्याचे प्रमुख. १९१५ च्या सुरुवातीला आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं निघत होती आणि वाचणारी माणसं मूठभर. प्रत्येक पत्र वाचून होणं शक्यच नव्हतं. शिपायांनाही आपलं टपाल उघडलं जातं हे पक्कं माहीत होतं, आणि त्यांनी त्यावर तोड काढली होती. ‘काळी मिरी’ संपत आली, आता ‘लाल मिरची’ वापरतात, अशा अर्थाचा मजकूर काही पत्रांत आहे. काळी मिरी म्हणजे आपले शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. ही सांकेतिक वाक्यं सेन्सॉरच्या हाती लागली म्हणून आज आपल्याला ठाऊक आहेत. जी त्याला उमगली नाहीत, ती घरी पोचली. ती कुठे असतील? कुणाच्या तरी माळ्यावर.

सेन्सॉर असला की माणूस मनातलं लिहीतच नाही, हेही खरं नाही. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कल्याणकुमार मुखर्जी नावाचे बंगाली डॉक्टर होते. आपल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी त्याच डिव्हिजनमध्ये. मुखर्जी आईला बंगालीत पत्रं लिहीत. इंग्रजांनी आम्हाला जी देशभक्ती शिकवली, तीच या रक्तपाताच्या मुळाशी आहे, असं त्यांनी लढाईच्या मैदानातून, इंग्रजी फौजेचा अधिकारी असताना लिहिलं. तिथल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात ते सापडले आणि पुढे तुर्कांच्या कैदेत वारले. ती पत्रं आज वाचायला मिळतात, कारण घरच्यांनी ती सांभाळली आणि ऐंशीच्या घरातल्या आजीने, मोक्षदायिनीबाईंनी, १९२८ मध्ये नातवाचं चरित्र लिहून त्यात छापली. त्या घरानेही ट्रंक मोकळी केली असती तर?

कुतचं नाव निघालंच आहे, तर पत्रांत पडणाऱ्या खंडाबद्दलही सांगतो. हा वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला फौजेने शरणागती पत्करली. या काळात आत-बाहेर टपाल जवळजवळ बंद. तुमच्या घरच्या जुडग्यात नोव्हेंबरपर्यंत नियमित पत्रं असतील आणि मग अचानक काहीच नसेल, तर त्या रिकाम्या महिन्यांत घरातल्या बाईने कसे दिवस काढले असतील ते त्या जुडग्यातच दिसतं. म्हणून पत्रांचा क्रम मोडू नका.

लेखनिकाचा मुद्दा फार ताणण्यासारखा नाही. पुष्कळ शिपायांना लिहिता येत नव्हतं हे खरं. पण सांगणारा तोच होता. शिवाय पत्र गावात पोचलं की मास्तर किंवा तलाठी ते चार माणसांत वाचून दाखवणार, हे सांगणाऱ्यालाही माहीत असायचं. म्हणून बायकोचं नाव न घेता ‘घरातील मंडळी’ असं यायचं. हे वाचायला शिकावं लागतं, एवढंच.

आता खुशाली. आमच्या घरी १९७१ च्या डिसेंबरातलं एक अंतर्देशीय पत्र आहे. पत्ता ‘मार्फत ९९ एपीओ’, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. फौजी घरांना हे पाठ असतं. त्यावरून माणूस पूर्वेकडे आहे एवढंच कळायचं, गाव नाही. मजकूर अकरा ओळींचा. ‘इकडील सर्व ठीक, काळजी नसावी’ ही पहिली ओळ. उरलेल्या दहा ओळींत विहिरीला पाणी किती राहिलं, सोसायटीचा हप्ता भरला का, धाकटीचा खोकला गेला का, मनिऑर्डर मिळाली तर पावती कुणी सही करून घेतली. कडेला, घडीच्या पट्टीवर, उभ्या अक्षरांत: ‘बैल विकू नये’. लढाईबद्दल एक अक्षर नाही. पण लढाईवर गेलेल्या माणसाचं घर कसं चालायचं हे कळायला मला यापेक्षा चांगला कागद माहीत नाही. रणांगणाचा नकाशा कुठल्याही पुस्तकात मिळेल. बैल ठेवायचा की विकायचा, हा सवाल तिथे नाही.

सरकारी दफ्तरात सगळं आहे म्हणणाऱ्यांनी तिथे काय आहे ते एकदा बघावं. बूलोनच्या सेन्सॉरचे साप्ताहिक अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि ते अमोल आहेत. पण ते निवडलेले उतारे, आणि तेही इंग्रजीत. मराठी शिपायाचं मराठी वाक्य, त्याच्या तोंडची म्हण, त्याचा राग, हे मूळ शब्दांत हवं असेल तर ते घरीच. साताऱ्या-रत्नागिरीकडच्या काही गावांत पाटी दिसते: या गावातून महायुद्धाला इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. सरकारने दोन आकडे कोरले. त्या आकड्यांतली माणसं कोण, हे पाटी सांगत नाही.

आणि सरकार लपवतंही. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीचे स्फोट झाले, सगळं शहर हादरलं. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी बातमी दिली. इथल्या वार्ताहरांना ती बाहेर पाठवायची मुभा मिळाली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. मधल्या आठवड्यांत काय पाहिलं, कोण कुठे गेलं, घर कसं सोडलं, हे जाणून घ्यायला त्या वेळची खाजगी पत्रं आणि रोजनिशाच हव्यात.

एक गोष्ट मात्र मान्य. लढाईची तारीख किंवा मेलेल्यांचा आकडा पत्रावरून ठरवू नये. त्याला फौजेच्या नोंदीच लागतात. आणि घरून गेलेली पत्रं शिपायांना सांभाळता येत नसत, त्यामुळे बायकांची बाजू फार थोडी उरली. पण म्हणून उरलेलीही घालवायची?

राहिला फोटो. फोटो जरूर काढा, पण पाकिटाचा, मागच्या बाजूचा, टपालाच्या आणि सेन्सॉरच्या शिक्क्याचाही काढा. मग कागद परत ठेवा. गंजलेल्या टाचण्या काढा, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. पत्र मोडीत असेल तर ‘जुने हिशेब’ म्हणून बाजूला टाकू नका. आजोबा-पणजोबांच्या पिढीतले कितीतरी लोक घरची पत्रं मोडीतच लिहीत, आणि राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडी वाचायला शिकवतं.

येत्या रविवारी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ ते गाठोडं घेऊन बसा. एकेक पत्र मोठ्याने वाचा आणि विचारा, ही धाकटी म्हणजे कोण, हा बैल कुठला. ती सांगेल ते वेगळ्या कागदावर, पेन्सिलीने, तारीख घालून लिहा आणि त्याच पाकिटामागे ठेवा.