ज्याला दिसेल त्याचं काम

शेताच्या बांधावरून भावाभावांत डोकी फुटतात, कोर्टकज्जे तीन-तीन पिढ्या चालतात. पण सोफ्याखालच्या जागेवर कोणी हक्क सांगितल्याचं अजून तरी ऐकिवात नाही. ती जागा सामायिक. मोरीची जाळी सामायिक. फ्रिजच्या मागे जे काही आहे ते तर वडिलोपार्जित. त्यामुळे दिवाळीच्या तोंडावर आमच्या चिरंजीवांनी ‘साफसफाईची वाटणी करू या’ असं जाहीर केलं, तेव्हा मला त्या बांधावरच्या भावांचं कौतुकच वाटलं. निदान त्यांना हिस्सा हवा तरी असतो.

चिरंजीव आयटीत आहेत. त्यांनी एक्सेल शीट केली आणि घरच्या ग्रुपवर टाकली. काम झालं की रकाना हिरवा करायचा. यांच्या नावावर पंखे आणि माळा, लेकीकडे बाथरूम, चिरंजीवांकडे फरशी, आईंकडे देव्हारा. देव्हारा आईंनी तसाही कोणाला दिला नसता. माझ्या नावापुढे एकच शब्द होता : इतर.

‘‘इतर म्हणजे काय रे?’’

‘‘अगं, किरकोळ गं. जे राहील ते.’’

राहिलेलं किरकोळ असं : स्वयंपाकघरातले यच्चयावत डबे, पडदे, चादरी, फ्रिज, गॅसची शेगडी, तेलाने थापलेला एक्झॉस्ट फॅन, रद्दी, फराळ, आणि बाकीच्या चौघांना त्यांच्या कामाची आठवण करून देणं. कामाच्या मावशी नेमक्या गावी गेलेल्या, त्यामुळे भांडीसुद्धा किरकोळातच जमा झाली.

पंखा पुसणं हे एकट्याने करायचं काम आहे असा माझा समज होता. यांना त्याला मनुष्यबळ लागतं. एकाने स्टूल धरायचं, एकाने ओलं फडकं द्यायचं, एकाने कोरडं, आणि आईंनी खालून ‘‘पडशील रे’’ म्हणायचं. घरातलं सगळं कामकाज बंद. पात्याच्या कडेला वर्षभराची धूळ फोडणीच्या धुरात मळून बसलेली असते. तिच्यावर नुसतं फडकं मारलं की ती निघत नाही, तिच्या काळ्या लोळ्या होतात आणि त्या टपाटप खाली पडतात. आईंची यावरची रीत फार चांगली आहे : उशीचा जुना अभ्रा पात्यावर चढवायचा, दोन्ही बाजूंनी दाबून ओढून घ्यायचा, सगळी धूळ अभ्र्यात. त्यांनी ती सांगितली. यांनी स्टुलावरून ऐकून घेतली आणि फडकं मारलं.

आता हे सगळं दुपारी चाललं होतं. फरशी चिरंजीवांनी सकाळीच पुसून टाकलेली, दुपारी त्यांना मित्राकडे जायचं होतं. मी ‘इतर’मधून धुतलेल्या चादरी घालून ठेवलेल्या. आधी जळमटं, मग पंखे, मग फरशी, हा क्रम आमच्या आजीला शाळेत न जाता ठाऊक होता. शीटमध्ये क्रमाचा रकानाच नव्हता. संध्याकाळी चिरंजीव परतले, तेव्हा मी त्यांना फरशीवरच्या लोळ्या दाखवल्या. त्यांनी मला मोबाइल दाखवला.

‘‘माझं ग्रीन आहे, आई.’’

यांचंही हिरवंच होतं. पंखे चकाचक होतेच की. शीट हिरवीगार, घर धुळीने भरलेलं आणि दोष कोणाचाच नाही. मोठमोठे अहवाल असेच तयार होत असणार.

लेकीने बाथरूमच्या टाइल्सवर खाण्याचा सोडा पसरला आणि त्यावर व्हिनेगर ओतलं. मोबाइलवर बघून. फेस भरपूर आला, त्याचा व्हिडिओ निघाला. मी बी. एस्सी. केमिस्ट्री आहे हे घरात कोणाच्या लक्षात राहत नाही. आम्ल आणि अल्क एकत्र आले की एकमेकांनाच संपवतात, खाली उरतं ते जवळजवळ खारं पाणी. नुसतं व्हिनेगर थोडा वेळ लावून ठेवलं असतं तर क्षारांचे पांढरे डाग निघाले असते. ‘‘पण फेस किती भारी आला!’’ असं तिचं म्हणणं. रकाना हिरवा.

माळ्यावरून यांनी एका टीव्हीचा खोका काढला (टीव्ही कधीच गेला, खोका वॉरंटीसाठी ठेवलाय), शिवाय थर्मोकोलचं मखर. राज्यात थर्मोकोलच्या मखरांवर २०१८ साली बंदी आली. त्यामुळे ते वापरता येत नाही, आणि ‘‘इतकं सुंदर आहे’’ म्हणून टाकवतही नाही. दोन्ही वस्तू पुसून पुन्हा माळ्यावर गेल्या. याला माळा आवरणं म्हणतात.

लेक अर्थशास्त्र शिकते. रात्री जेवताना तिने केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीतले आकडे वाचून दाखवले. २०१९ साली घरच्या बिनपगारी कामात बायकांची रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. २०२४ साली बायकांची २८९ आणि पुरुषांची ८८. ‘‘आणि बाबा, ही जे पुरुष मुळात काहीतरी करतात त्यांचीच सरासरी आहे. बाकीचे यात धरलेलेच नाहीत.’’

यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. हे बँकेत होते. ‘‘म्हणजे बायकांची दहा मिनिटं वाचली आणि आमची नऊच. अन्याय कोणावर झाला?’’

माझं म्हणाल तर मिनिटांवर माझा विश्वास नाही. काम वाटलं जातं ते डोळ्यांवर. केर ज्याला दिसतो, त्याने तो काढायचा, हा घराघरातला अलिखित कायदा आहे आणि हुशार माणसं तो लहानपणीच ओळखतात. आमच्याकडे हॉलमध्ये मधोमध पडलेला मोजा तिघंजण सफाईने ओलांडून जातात. कोणाचा पायही लागत नाही, म्हणजे दिसतो हे नक्की. बेसिनमधलं पातेलं ‘भिजत घातलेलं’ असतं, ते कुजेपर्यंत. उलट आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि घरातला केर एका आठवड्यात दुप्पट झाला. डॉक्टरांनी ‘‘आता सगळं लख्ख दिसेल’’ असं सांगितलं होतं, ते आम्हाला कोणाला नीट कळलं नव्हतं.

शेवटी फरशी पुन्हा कोणी पुसली आणि चादरी पुन्हा कोणी धुतल्या, ते सांगत बसत नाही. ‘इतर’.

लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणली. यांनी सोवळं नेसून तिला हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं, डोळे मिटून मनोभावे हात जोडले. केरसुणीला यांचे हात लागत नाहीत, जुळतात. दारात तोवर फटाक्यांच्या कागदांचा खच पडला होता आणि तो अर्थातच आईंना दिसला.

‘‘अरे, दार तेवढं झाडून घे.’’

‘‘दिवेलागणीनंतर केर काढू नये, लक्ष्मी जाते. तूच शिकवलंयस, आई.’’

‘‘हो ना. पण आज मध्यरात्री नव्या केरसुणीने सगळं घर झाडून अलक्ष्मी बाहेर काढायची असते. तेही शास्त्रच आहे. तुझे आजोबा गजर लावून उठायचे.’’

चिरंजीवांनी खिशातून मोबाइल काढला. ‘‘बाबा, बाराची वेळ टाकू की साडेबाराची?’’