स्लाइड कोरी, म्हणून गाय बरी?

आफ्रिकेतल्या गुरांच्या ‘नगाना’ रोगाबद्दल एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्यात तीन दावे आहेत: रक्ताच्या स्लाइडवर परजीवी दिसला नाही तर जनावर निरोगी, हा रोग पसरवणारी रक्तपिपासू त्सेत्से माशी नाही तिथे हा रोग नाही, अँटीबॉडी चाचणी पॉझिटिव्ह आली की लगेच इंजेक्शन टोचा. तिन्ही चूक आहेत, आणि पहिल्या दाव्यापायी गुरं मरतात.

नगानाचा परजीवी म्हणजे ट्रिपॅनोसोमा हा एकपेशीय जंतू. तो आपलं प्रथिनांचं आवरण सतत बदलतो. जनावराचं शरीर जुनं आवरण ओळखून हल्ला करतं, तोवर नव्या आवरणातली पिढी वाढलेली असते. त्यामुळे रक्तातली परजीवींची संख्या चढते, उतरते. उताराच्या दिवशी रक्त घेतलं तर स्लाइड कोरीच येणार. शिवाय त्याची कांगोलेन्स ही जात बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसते, म्हणून मानेच्या शिरेपेक्षा कानाच्या कडेला टोचून घेतलेलं रक्त चांगलं. ब्रुसी ही दुसरी जात तर रक्त सोडून ऊतींमध्ये शिरते. केशनळीत, म्हणजे अगदी बारीक काचनळीत, रक्त घेऊन ते यंत्रात गरगर फिरवून पांढऱ्या पेशींच्या थरापाशी वळवळ शोधण्याची पद्धत स्लाइडपेक्षा सरस आहे, पण नमुना काही तासांत बघावा लागतो. जंतू मेला की वळवळ संपली. त्याच नळीत रक्तक्षयही मोजता येतो. मात्र तो गोचिडांमुळे किंवा पोटातल्या जंतांमुळेही होतो, त्यामुळे त्या एकाच आकड्यावर निदान करू नये. जंतूचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी अधिक संवेदनशील खरी, पण जंतू त्या थेंबात असेल तरच सापडेल.

माशीचं म्हणणं अर्धंच खरं आहे. ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी 1890च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूलँडमध्ये त्सेत्से आणि नगानाचा संबंध दाखवला. पण ट्रिपॅनोसोमाची व्हायव्हॅक्स ही जात घोडमाश्यांच्या सोंडेवरूनही पसरते. ती त्सेत्से नसलेल्या दक्षिण अमेरिकेत पोचली आहे. आपल्याकडचा जनावरांचा सर्रा रोग याच कुळातला. ब्रिटिश पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांना त्याचा जंतू 1880 साली डेरा इस्माईल खान (आता पाकिस्तानात) इथे सापडला. 2004 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तातही तो आढळला. आफ्रिकेची गोष्ट म्हणून हे सोडून देता येत नाही, ते म्हणूनच.

राहिली अँटीबॉडी, म्हणजे जंतूविरुद्ध शरीराने बनवलेलं प्रथिन. उपचार यशस्वी झाला तरी ती महिनोन्‌महिने रक्तात राहते. कळपात रोग कितपत फिरलाय हे त्यावरून कळतं. समोरच्या गायीला आज लागण आहे का, ते नाही. आणि औषधं तरी किती? मुख्यतः डिमिनाझीन आणि आयसोमेटामिडियम, दोन्ही काही दशकं जुनी. त्यांना दाद न देणारे जंतू आफ्रिकेत अनेक ठिकाणी आढळलेत.