टेंडर माफ होतं, हिशेब नव्हे

आमच्या वाडीच्या ग्रुपवर तो जुना मेसेज पुन्हा आलाय: "कोरोनात सरकारने टेंडर न काढता चीनचे बोगस किट घेतले. २४५चा किट ६००ला घेऊन मधले ३५५ सरकारने खाल्ले. जनतेचे पैसे बुडाले, आणि तेच किट आपल्या नाकात घातले." यात रुपयांचे दोन आकडे खरे आहेत. त्यांच्याच जोरावर बाकीचं खपतं.

नाकापासून सुरू करू, ते लवकर आटपतं. एप्रिल २०२० मध्ये वादात सापडलेला वोंडफो या चिनी कंपनीचा रॅपिड किट रक्तातल्या अँटिबॉडी शोधायचा. नाकात काडी जायची ती आरटीपीसीआरसाठी. रत्नागिरीतले नमुने सुरुवातीला आंबा घाट चढून मिरजेला जायचे आणि चाकरमानी शाळांतून अहवालाची वाट बघत बसायचे, ते याच तपासणीच्या. दोन्हींना किट म्हणणं म्हणजे हापूस आणि रायवळ एकाच पेटीत भरणं.

आता टेंडर. खरेदी करणाऱ्या आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या खुलाशानुसार पहिल्या वेळी कोणी पुढेच आलं नाही. दुसऱ्या वेळी वोंडफोच्या किटसाठी चार बोली आल्या: १२०४, १२००, ८४४ आणि ६००. सर्वांत कमी ती घेतली. थेट चीनमधून का नाही घेतले? तोही प्रयत्न झाला होता. कंपनी शंभर टक्के आगाऊ मागत होती आणि माल कधी पोचेल याची हमी देत नव्हती. महामारीत असा सौदा कोणता हिशेबनीस मान्य करेल?

आणि आगाऊ दिले नाहीत म्हणूनच पैसे बुडाले नाहीत. राजस्थानात या किटची अचूकता ५.४ टक्केच भरली. २१ एप्रिलला राज्यांना वापर थांबवायला सांगितलं, २७ला किट परत पाठवायला. तोवर पुरवठादाराला एक रुपयाही दिलेला नव्हता, असं केंद्राने जाहीर केलं.

३५५चं काय? २४५ हा आयातीचा भाव, ६०० आयसीएमआरला लावलेला. मधली रक्कम सरकारी खिशातली नव्हे, आयातदार आणि वितरकांच्या साखळीतली. त्या दोघांचं आपसात बिनसलं, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने जीएसटीसह ४०० रुपयांची मर्यादा घातली. आयातीच्या भावावर १५५ रुपये सुटतात तेवढे पुष्कळ झाले, असं न्यायालयाचं म्हणणं.

इथे मात्र मेसेजवाल्याचा राग मला पटतो, फक्त तो भलत्या दारात उभा आहे. व्यापारी भांडले नसते तर २४५ हा आकडा आपल्याला कळला असता का? आणि आलेला माल राज्यांना वाटण्याआधी त्यातले थोडे किट तपासून पाहिले होते का? चार बोली आल्या तरी हे दोन प्रश्न उरतातच.

आपल्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चं कलम ५० वाचा. तातडीच्या खरेदीला टेंडरची रीत माफ. पण त्याच कलमात पुढे आहे, की नेमलेल्या अधिकाऱ्याने साहित्य वापरल्याचा दाखला द्यायचा आणि तोच हिशेबाचा कागद धरायचा. मेसेज पुढे ढकलण्याऐवजी माहिती अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयाकडे तो दाखला मागा. अर्जाला दहा रुपये लागतात.