सुई नको, पण जाळायचं सुईनेच?

गेल्या आठवड्यात एका पेशंटच्या मुलाने मोबाइल माझ्यापुढे धरला. "सिस्टर, हे वाचा आणि मग सांगा, बाबांना सुई का टोचून घ्यायची." मेसेज असा: पोटाच्या कुठल्याही कॅन्सरला आता ऑपरेशन नको, केमो नको. तोंडावाटे दुर्बीण घालून सोनोग्राफीच्या लहरींनी गाठ जाळतात, अर्ध्या तासात पेशंट घरी. मात्र बायोप्सी करू देऊ नका, सुई लागली की कॅन्सर अंगभर पसरतो. चाळिशीनंतर दरवर्षी ही तपासणी करून घ्या.

मी बरीच वर्षं एंडोस्कोपीच्या खोलीत आहे. मेसेजमधलं यंत्र खरं आहे, रोज धुते मी ते. बाकीचं एकेक करून बघू.

"लहरींनी गाठ जाळतात." नाही. एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, आमच्या तोंडी ईयूएस, म्हणजे टोकाला सोनोग्राफीचा छोटा प्रोब असलेली दुर्बीण. ती जठरात उतरली की स्वादुपिंड भिंतीपलीकडेच असतं. मध्ये ना पोटाची चरबी, ना आतड्यातली हवा. म्हणून बाहेरच्या सोनोग्राफीत हुकलेली सेंटिमीटरभर गाठही दिसते. लहरींचं काम तेवढंच, दाखवायचं. जाळायचं असेल तर त्याच दुर्बिणीतून गाठीत सुई घालून तिच्या टोकाशी रेडिओफ्रिक्वेन्सीचा करंट देतात. म्हणजे ज्या सुईला घाबरायला सांगितलंय, उपचार तिच्यानेच!

"कुठल्याही कॅन्सरवर." इथे खरी फसगत आहे. असं जाळणं आज चांगलं लागू पडतं ते मुख्यतः स्वादुपिंडातल्या इन्सुलिनोमासारख्या, म्हणजे जास्तीचं इन्सुलिन सोडणाऱ्या, लहान गाठींना. वारंवार साखर उतरून चक्कर येणारा, ऑपरेशन न झेपणारा पेशंट त्याने सुधारतो. पण स्वादुपिंडाचा नेहमीचा कॅन्सर, अॅडिनोकार्सिनोमा, नुसता जाळून बरा होत नाही. तो रक्तवाहिन्यांना बिलगलेला असतो आणि बऱ्याचदा कळतो तेव्हा लांब पोचलेला असतो. तिथे ऑपरेशन आणि केमोला पर्याय नाही.

मग ईयूएस अशा पेशंटला काय देतं? पुष्कळ, फक्त मेसेजमध्ये नाही ते. गाठीने पित्तनलिका दाबून कावीळ वाढली आणि ईआरसीपीची, म्हणजे दुर्बिणीने पित्तनलिकेच्या तोंडातून आत शिरायची, वाट बंद असली, तर जठराच्या किंवा ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) भिंतीतून थेट नलिकेत स्टेंट, म्हणजे छोटी नळी, बसवता येतो. फ्रान्समधल्या मार्सेलच्या डॉ. जोव्हानिनींनी हे 2001 मध्ये करून दाखवलं. कावीळ उतरली तरच बऱ्याच जणांना केमो सुरू करता येते. आणि ती दुखणी! पाठीत आरपार जाणारी कळ, उताणं झोपता येत नाही, माणूस रात्रभर पुढे वाकून बसलेला. महाधमनीजवळच्या मज्जातंतूंच्या जाळ्यात सुईने अल्कोहोल सोडलं की अनेकांची कळ काही महिने कमी होते, मॉर्फिन कमी लागतं. सगळ्यांची नाही, कायमचीही नाही.

"सुई लागली की पसरतो." सुईच्या वाटेवर कॅन्सरपेशी रुजल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत, तेव्हा भीती हवेतली नाही. पण ती फार थोडी आहेत. स्वादुपिंडाच्या डोक्यातली गाठ असेल तर सुई ड्युओडेनममधून जाते आणि तो भाग पुढे व्हिपल ऑपरेशनमध्ये, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं काढायच्या ऑपरेशनमध्ये, काढूनच टाकतात. शेपटाकडची गाठ जठरातून टोचतात आणि जठर मागे उरतं, म्हणून तिथे डॉक्टर जास्त विचार करतात. यकृताच्या दाराशी पित्तनलिकेची गाठ असून यकृत प्रत्यारोपणाचा बेत असेल, तर मूळ गाठीला अशी सुई लावतच नाहीत. सरळ काढता येणारी गाठ कधीकधी सर्जन बायोप्सीशिवायही काढतात. पण केमो द्यायची तर हातात पुरावा हवा. आपल्याकडे तिथे क्षयाच्या गाठीही निघतात. ऑटोइम्यून सूज, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटून आलेली सूज, हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते आणि स्टेरॉइडने उतरते. त्यांना केमो देणार का?

पुरावा म्हणजे काय, तर डॉक्टर सुई पाच-दहा वेळा गाठीत पुढेमागे करतात, बाहेर काढतात, आम्ही आतली तार ढकलतो आणि फॉर्मलिनच्या बाटलीत शेवईच्या तुकड्याएवढा पांढुरका धागा पडतो. तो उजेडात धरून पुरेसा आहे का, हे बघेपर्यंत खोलीत कोणी बोलत नाही.

"अर्ध्या तासात घरी." तपासणीपुरतं अर्धंच खरं, अर्ध्या तासात नाही, पण संध्याकाळी बहुतेक जण घरी जातात. स्टेंट किंवा जाळणं असेल तर राहावं लागतं. रक्तस्राव, स्वादुपिंडाची सूज असे धोके असतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा, मनाने बंद करू नका.

दरवर्षीच्या तपासणीचं म्हणाल, तर घरात स्वादुपिंडाचा कॅन्सर एकाहून जास्त जणांना झालेला असेल किंवा तसा जनुकदोष सापडला असेल, त्यांच्यासाठी ती आहे. बाकीच्यांनी पैसे वाचवावेत.

मुलाने सगळं ऐकून घेतलं, फोन खिशात टाकला आणि विचारलं, "बाबांना चहा किती वाजेपर्यंत चालेल?"